पाणबुडीची किंमत

सेनादले साहित्यासाठी अवाजवी किंमत मोजतात का, या प्रश्नाच्या संदर्भात मुंबईतील माझगाव गोदीचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे बांधायच्या फ्रेंच रचनेच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५ साली झाला, तेव्हा प्रकल्पाचा मंजूर खर्च १८,७९८ कोटी रुपये होता. पुढे तो २३,५६२ कोटींवर गेला आणि २०१२ मध्ये अपेक्षित असलेली त्यांतील पहिली पाणबुडी ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. या खर्चात तंत्रज्ञान-हस्तांतरणाचा, म्हणजे परदेशी बांधणीविद्या देशी कारागिरांना शिकवण्याचा, मोबदलाही होता. मात्र नव्या टॉर्पेडोंची, म्हणजे पाण्याखालून लक्ष्याकडे धावणाऱ्या अस्त्रांची, स्वतंत्र खरेदी रद्द झाल्याने ‘कलवरी’ला जुन्यांवरच भागवावे लागले. म्हणून किंमत वाजवी आहे की नाही, हे ठरवताना विलंब, कौशल्य आणि सज्जता या तिन्हींचा हिशेब मांडावा लागतो.