गाडीवरची जुनी अक्षरे

कोल्हापूरहून बेळगावकडे जाणारा महामार्ग कागल मागे टाकतो, दूधगंगा ओलांडतो आणि कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरतो. या रस्त्याच्या कडेला कोणी अर्धा तास स्वस्थ बसून निपाणीकडे जाणाऱ्या टेम्पोंच्या व मालमोटारींच्या पाठी पाहत राहिला, तर या प्रदेशाचे निम्मे समाजजीवन त्यास तेथेच वाचावयास मिळेल. कुलदैवताचे नाव, आईवडिलांचा आशीर्वाद, मुलामुलींची नावे, गावाचे नाव, तंबाखूच्या वखारीचे नाव. कोठे मराठीत, कोठे कन्नडात, कोठे दोन्ही लिप्या शेजारी शेजारी.

पूर्वी ही अक्षरे पेंटर लोक ब्रशाने रंगवीत. आता बहुतेक ठिकाणी ती यंत्रावर कापलेल्या व्हिनिलच्या पातळ पापुद्र्याची असतात. बाजारात या पापुद्र्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात आणि तो चिकटवून देणारा तो ‘रेडियमवाला’. १८९८ साली क्युरी दांपत्याने शोधून काढलेल्या रेडियम या मूलद्रव्याचा कणही त्यात नसतो. चमकणाऱ्या वस्तूस रेडियम म्हणण्याची सवय लोकांच्या जिभेवर राहिली, एवढेच.

अक्षरे चिकटवणे हे काही मिनिटांचे काम आहे. ती उतरवण्याचा प्रसंग येतो तो बहुधा गाडीचा धनी बदलतो तेव्हा. कोल्हापूरची ‘एमएच ०९’ ही खूण असलेली गाडी निपाणीचा गृहस्थ विकत घेतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीस तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून यथाकाल ‘केए २३’ ही चिकोडी कार्यालयाची पाटी तिच्यावर येते. कागदावरचे नाव बदलते, पाटी बदलते. दारावर मात्र पहिल्या धन्याचे आडनाव, त्याच्या मुलीचे नाव आणि त्याचा फोन क्रमांक तसेच राहतात.

ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. समजा, कोणी भाजीपाला वाहून नेण्यासाठी कर्ज काढून असा टेम्पो घेतला आहे. बाजारात टेम्पो पाहून एखादा शेतकरी दारावरचा क्रमांक टिपून घेतो. पण त्याचा फोन जातो कागलच्या जुन्या मालकाकडे. नव्या मालकाचे भाडे बुडते आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. मग एका संध्याकाळी तो दाढीचे ब्लेड घेऊन दारापाशी बसतो आणि अक्षरे खरवडू लागतो.

नुकसान होते ते येथेच. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात: तळाला गंजरोधक अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, मग रंग आणि पुष्कळ गाड्यांत सर्वांत वर पारदर्शक लेप. हे सारे मिळून जाडी असते साधारणतः एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी. ब्लेडचा कोपरा किंचित रुतला की तो थेट पत्र्यापर्यंत पोहोचतो. सह्याद्रीच्या लगतच्या या मुलखात पावसाळा भरपूर; त्या रेघेतून पाणी आत शिरते आणि रंगाखाली गंज पसरू लागतो. वर्ष-दोन वर्षांनी रंगाला फोड आले म्हणजे मालक रंगाला दोष देतो. वस्तुतः दोष त्या एका संध्याकाळच्या घाईचा असतो.

चिकटवलेली वस्तू रंगाला इजा न करता कशी निघावी, हा प्रश्न पहिल्या काळातील मोटारींइतकाच जुना आहे. अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची हौस निघाली, त्या वेळी एक रंग देताना दुसरा झाकण्यासाठी रंगारी कागद चिकटवीत आणि तो काढताना ताजा रंगही सोलून येई. सेंट पॉल येथील एका पॉलिशकागदाच्या कारखान्यात काम करणारा रिचर्ड ड्रू हा तरुण आपला माल दाखवण्यासाठी अशा रंगशाळांत जात असे. रंगाऱ्यांची ती हताशा त्याने पाहिली आणि खटपट करून १९२५ साली अलगद सुटणारी चिकटपट्टी तयार केली. चांगला गोंद तो, जो घट्ट धरतो आणि वेळ आली की सोडतोही, हे तत्त्व त्या पट्टीने सिद्ध केले.

दारावरची अक्षरे मात्र वेळ आली तरी सोडत नाहीत, याचे कारण त्यांचे वय. व्हिनिल मुळात कडक. १९२६ मध्ये वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञाने त्यात तेलकट द्रव्ये मिसळून ते लवचीक केले. वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यावर ही द्रव्ये हळूहळू निघून जातात. पापुद्रा आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि ओढू लागल्यास तो नखाएवढ्या तुकड्यांनी तुटतो. उलट खालचा गोंद काळाच्या ओघात रंगाच्या बारीकसारीक खळग्यांत बसून अधिकच घट्ट होतो. म्हणजे वरचे दुबळे आणि खालचे हट्टी, अशी स्थिती झालेली असते. अशा वेळी बळाचा उपयोग नाही; ऊब आणि धीर यांचाच उपयोग आहे.

प्रथम दार साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावे. नाहीतर धुळीचे कण रंगावर ओरखडे काढतात. नंतर केस वाळवण्याच्या यंत्राने, अथवा कढत पाण्यात पिळलेल्या फडक्याने, एकेक अक्षर शेकावे. हात ठेवला असता ऊन लागावे, पण भाजू नये, एवढीच ऊब पुरे. रंग सोलण्याची भट्टीसारखी तापणारी यंत्रे वापरल्यास रंग करपतो आणि प्लॅस्टिकचे भाग वाकतात. अक्षराचा कोपरा नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने उचलावा आणि पापुद्रा सरळ वर न उपटता मागे दुमडून सावकाश ओढावा. सावकाश म्हणण्याला कारण आहे. असला गोंद जितक्या वेगाने ओढावा तितका अधिक प्रतिकार करतो. हळू ओढल्यास त्याला सैल होण्यास अवसर मिळतो. एका दारास एखादा तास लागला तरी तो वाया गेला असे समजू नये.

पापुद्रा निघाल्यावर गोंदाचा पिवळट चिकटा उरतो. त्यावर खोबरेल किंवा निलगिरीचे तेल लावून काही वेळ मुरू द्यावे आणि मऊ सुती फडक्याने पुसून काढावे. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोलही उपयोगी पडते. मात्र कोणतेही द्रव्य आधी आडबाजूच्या कोपऱ्यावर वापरून पाहावे. ज्वालाग्राही द्रव्य आणि उष्णता यांचा एकाच वेळी प्रयोग तर कधीच करू नये. थिनरपासून शक्यतो दूर राहावे. कारखान्यातील रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो; परंतु अपघातानंतर गॅरेजमध्ये दिलेला रंग पुष्कळदा तसा नसतो आणि थिनरच्या एका हातासरशी विरघळून फडक्यावर येतो.

इतके सर्व नीट केल्यावरही एक नवल उरते. अक्षरे निघतात, पण त्यांची छाया निघत नाही. भोवतालचा रंग उन्हाने विटलेला असतो आणि अक्षराखालचा रंग सावलीत राहून मूळचा टवटवीत असतो; त्यामुळे जुन्या धन्याचे नाव जरा गडद होऊन पुन्हा वाचता येते. पुष्कळांना वाटते की हा डाग आहे आणि तो घासून काढला पाहिजे. खरे पाहता, त्या दारावर निर्मळ भाग तेवढाच असतो. विटलेले असते ते बाकीचे दार. म्हणून रबिंग कंपाउंडचा हात द्यावयाचा तो अक्षरांच्या छायेवर नव्हे, तर भोवतालच्या रंगावर. त्यानेही भेद कमी होतो, पुरता जात नाही. पॉलिशाने रंगाचा थर थोडा झिजतच असल्याने हा उपाय वारंवार करावयाचा नसतो.

मालवाहू गाडीवरचे सर्वच चिकटवलेले काढून टाकावयाचे नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे तांबडी अशी चमकणारी पट्टी कायद्याने आवश्यक आहे. अंधारात उभ्या असलेल्या टेम्पोचे अस्तित्व मागून येणाऱ्यास तीच कळवते. ती जीर्ण झाली असल्यास काढून नवी लावावी. नुसती काढून मोकळे होऊ नये.

या सीमाभागात गाडीवरच्या अक्षरांना आणखीही एक अर्थ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे शासकीय नाव बेळगावी झाले. कोणी आपल्या गाडीवरचे जुने नाव बदलले, कोणी ममतेने तसेच ठेवले. ते ज्याच्या त्याच्या इच्छेने झाले, तोवर ठीक होते. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र सीमावाद पुन्हा पेटला. ६ तारखेस बेळगावजवळ हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. काळे फासणाऱ्याचा हात क्षणात मागे जातो. ते पुसण्यासाठी बादली व फडके घेऊन उभा राहतो तो कोणी चालक किंवा क्लीनर, ज्याचा तंट्याशी काडीमात्र संबंध नसतो. त्याची मातृभाषा मराठी असो वा कन्नड, त्याच्या हाताला लागणारा चिकटा सारखाच असतो.

तेव्हा नवा मालक जुने नाव उतरवण्यास बसेल, तेव्हा त्याने ब्लेड घरीच ठेवावे. आपला फोन क्रमांक लावण्यासाठी जुना काढणे हा त्याचा हक्कच आहे. त्याचे पोट त्यावर आहे. पण ज्या मुलीचे नाव त्या दारावर होते, तिच्या बापानेही कधीकाळी कर्ज काढूनच ती गाडी घेतली असेल. ते नाव शेकून, सैल करून, अखंड उतरवले तर त्याचाही मान राहतो आणि रंगही राहतो. पुढे केव्हातरी हा टेम्पो तिसऱ्या दारी जाईल आणि आज लावलेले नाव कोणाला तरी उतरवावे लागेल. त्या वेळी त्याला पत्रा शाबूत मिळावा, एवढी सोय आजच्या धन्याने करून ठेवावी.