जुन्या गाडीची थरथर

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या घरीं एक प्रसंग केव्हांना केव्हां तरी येतोच. गाडी नित्याप्रमाणें सुरू होते, वेशीबाहेर पडते, आणि ठराविक वेग गांठतांच तिच्या सर्वांगांत कांपरें भरतें. मालक कारखान्यांत जातो. तेथें एक भाग बदलला जातो, पण थरथर राहते. दुसरा बदलला जातो, तरीहि राहते. शेवटीं खिसा रिकामा होतो, आणि "जुनी गाडी, ती थरथरायचीच" असें म्हणून मालक स्वस्थ बसतो. आजच्या भाषणांत मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ही थरथर म्हणजे एक साक्षीदार आहे. ती कशाबरोबर येते व कशाबरोबर जाते हें नीट विचारलें, तर आपला उगम ती बहुधा स्वतःच सांगते.

अहमदनगर, ज्याला २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्यास वाहनांचें गांव म्हणावयास हरकत नाहीं. लष्कराच्या चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय येथें आहे. संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था येथेंच असून गाड्यांची कसोटी घेण्यासाठीं मुद्दाम बांधलेले रस्ते तिच्यापाशीं आहेत. आणि १९९४ सालीं स्थापन झालेल्या रणगाडा-संग्रहालयांत जुनीं लढाऊ वाहनें पाहावयास मिळतात. अशा गांवांत जीपगाडीचें कौतुक असावें यांत नवल नाहीं. आमच्या घरींहि वडिलांच्या वेळची एक जीप आहे, आणि आजचा विषय तिनेंच मला शिकविला.

मोहटादेवीच्या दर्शनास म्हणून आम्ही पाथर्डीच्या रस्त्यानें निघालों होतों. मागच्या बाकावर आई होती. ताशीं पंचावन्न किलोमीटरांचा वेग झाला, तशी पायाखालची फळी झिणझिणूं लागली आणि गाडींत भुंग्यासारखा आवाज भरला. करंजी घाटाच्या अलीकडे पुढचें चाक एका मोरीजवळच्या खड्ड्यांतून गेलें मात्र, तोंच स्टिअरिंग हातांत डावीउजवीकडे असे झटके देऊं लागलें कीं, गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत तें थांबलें नाहीं. आई म्हणाली, "अरे, आधीं मला उतरव. मी चालत येतें." त्या वाक्यानें मला जी लाज वाटली, ती अजून आठवते, कारण झिणझिण मला कित्येक महिन्यांपासून ठाऊक होती.

परत आल्यावर मी गाडी एका कारखान्यांत नेली. दोन टायर नवे घातले, चाकांचें बॅलन्सिंग केलें, टाय रॉडचे सांधे बदलले. पैसे गेले, आणि दोन्ही विकार थोड्याफार फरकानें तसेच राहिले. पुढें एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं माझी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "भाऊ, दुखणीं दोन आहेत. तुम्ही दोघांना एकच औषध देत बसलांत."

त्यांनीं मग जे प्रश्न विचारले, ते प्रत्येक मालकानें स्वतःला विचारावेत असे आहेत.

पहिला प्रश्न : गाडी उभी असतांना इंजिनाचा वेग वाढविला, तर थरथर येते काय? येत असेल तर दोष इंजिनांत, त्याच्या रबरी बैठकींत, पंख्यांत किंवा क्लचमध्यें शोधावा. आमची गाडी उभी असतांना शांत होती.

दुसरा प्रश्न : सपाट, सरळ व मोकळ्या रस्त्यावर तो वेग गांठून गिअर न्यूट्रल केला, तर थरथर जाते काय? जात नसेल, तर इंजिन निर्दोष ठरतें. कारण इंजिनाचे फेरे उतरले तरी चाकें व त्यांना जोडलेला लांब दांडा पूर्वीच्याच वेगानें फिरत असतात. ही परीक्षा उतारावर किंवा घाटांत कदापि करूं नये, आणि इंजिन तर मुळींच बंद करूं नये. आमची झिणझिण न्यूट्रलमध्येंहि कायम राहिली.

तिसरा प्रश्न : थरथर कोठें लागते, आणि किती जलद? येथें थोडें गणित उपयोगी पडतें. जीपच्या चाकाचा एक फेरा सुमारें सव्वादोन मीटरांचा. ताशीं पंचावन्न किलोमीटरांना चाक सेकंदास सुमारें सात फेरे घेतें. इंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, ज्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, तो या गाडींत चाकाच्या सुमारें ५.४ पट, म्हणजे सेकंदास अडतीसच्या आसपास फिरतो. चाकाच्या दोषाचे ठोके म्हणून हाताला निरनिराळे जाणवतात. दांड्याच्या दोषाची मात्र सलग गुणगुण होते. शिवाय पुढच्या चाकांचा दोष बहुतेक स्टिअरिंगवर येतो, तर मागच्या चाकांचा व दांड्याचा दोष बैठकींत आणि तळाच्या पत्र्यांत लागतो. आमचा भुंगा पायाखालीं होता. चाकांवर केलेला खर्च त्याला पोंचणार कसा?

चौथा प्रश्न त्यांनीं सर्वांत शेवटीं विचारला : "हें सुरू होण्याआधीं गाडीचें काय काम केलें होतें?" तेव्हां मला आठवलें कीं, मागच्या दांड्याच्या सांध्यांतला झिजलेला क्रॉस बदलून घेतल्यापासूनच ही तक्रार होती.

जीपला पुढच्या चाकांकडे जाणाराहि एक दांडा असतो. दोन चाकांवर गाडी चालत असली तरी पुढचीं चाकें त्याला फिरवीत राहतात. मिस्त्रींनीं प्रथम तोच सोडून बाजूला ठेवला आणि गाडी चालवून पाहिली. गुणगुण तशीच होती. संशयितांतील एक सुटला. मग त्यांनीं जमीन सपाट पाहून चाकांना दगड लावले, गाडी भक्कम घोडीवर घेतली, आणि मागच्या दांड्यावरची माती तारेच्या ब्रशानें घांसून काढली. दांड्याच्या खांचांवर जो सरकता तुकडा बसतो, त्यावर एक बाण कोरलेला होता, आणि दांड्यावर दुसरा. हे दोन बाण समोरासमोर असावयास हवे होते; ते तसे नव्हते.

एवढ्याशा चुकीनें गाडी कां थरथरावी? याचें उत्तर सतराव्या शतकांतील आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें ज्या सांध्याचा अभ्यास केला, त्याचा एक स्वभाव आहे : दांडे एका रेषेंत नसून कोनांत असले, तर एक दांडा एकसारख्या गतीनें फिरविला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. मोटारीच्या दांड्याला अशासाठींच दोन टोकांना दोन सांधे असतात. दांड्याचीं दोन्ही टोकांचीं चिमट्यासारखीं तोंडें एका पातळींत असलीं आणि दोन्ही कोन सारखे असले, म्हणजे एकानें घातलेली चूक दुसरा पुरी करतो. तोंडें एका पातळींत नसलीं, तर ही वजाबाकी पुरी होत नाहीं, आणि प्रत्येक फेऱ्यास दोन हिसके गिअर बॉक्सला व मागच्या अॅक्सलला बसत राहतात. मिस्त्रींनीं दांडा उतरविला, बाण जुळविले, पुन्हा बसविला. नवा भाग एकहि लागला नाहीं. भुंगा गेला.

राहिला स्टिअरिंगचा झटका. तो एका ठराविक वेगाला हळूहळू येत नसे, तर खड्ड्याचा धक्का बसला कीं उसळे व वेग मोडेपर्यंत चाले. हें लक्षण बहुधा ढिलेपणाचें. मिस्त्रींनीं पुढचें चाक उचलून वरून व खालून धरून हलविलें, तें खुळखुळलें. मग मला ब्रेक दाबून धरावयास सांगितलें. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली असती, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा ठरला असता. ती थांबली नाहीं, म्हणून किंगपिन ढिली आहे असें सिद्ध झालें. चाक डावीउजवीकडून हलवून टाय रॉडचे सांधे पाहिले. ते नुकतेच बदललेले असल्यामुळें घट्ट होते. किंगपिनचीं बेअरिंगें पातळ पत्र्या घालून बसवितांच स्टिअरिंग शांत झालें.

श्रोतेहो, असा झटका कधीं आलाच, तर स्टिअरिंग घट्ट धरावें, पण त्याच्याशीं झुंजूं नये; ब्रेक एकदम न दाबतां अॅक्सलरेटरवरचा पाय काढून वेग मोडूं द्यावा. तळाची गुणगुणहि निरुपद्रवी समजूं नये. दांड्याचा पुढचा सांधा तुटला, तर तें टोंक रस्त्यावर पडून रुतूं शकतें, आणि धांवत्या गाडीला तें उलथें करण्यास पुरेसें होतें. गाडी सुरू करतांना किंवा गिअर बदलतांना खालून "ठण्‌" असा आवाज आला, तर सांध्याची झीज पाहून घ्यावी. आणि दांडा उतरविण्याचें काम निघालें, तर जोडणीवर खडूची खूण करा, असें मिस्त्रींना आधींच सांगावें.

पुढच्या वर्षीं आई त्याच रस्त्यानें आमच्याबरोबर आली. मोरी ओलांडली तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. तिला डुलकी लागली होती. ती झोंप मिळविण्यास टायरांचा जोड लागला नाहीं. चार प्रश्न व एक तारेचा ब्रश पुरला. माझ्या हातून ते प्रश्न विचारावयाचे वर्षभर राहून गेले. आपल्या हातून तसें न होवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.