खोल समुद्रातील भक्ष्य आणि भक्षक



समुद्रात एक हजार मीटर खोलीवर सूर्यप्रकाश पोचत नाही आणि पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे शंभरपट असतो. अशा काळोखात स्पर्म देवमासा श्वास रोखून उतरतो, तो माकुलांच्या शोधात. आपले कोळी बांधव ज्या माकुलाची मासळी म्हणून विक्री करतात, त्याचाच एक भाऊबंद येथे शुंडांसह १२ मीटरांपर्यंत वाढतो. त्याला महामाकूल म्हणता येईल.

देवमाशाच्या नराची लांबी सुमारे १६ मीटर असते व तिचा तिसरा हिस्सा केवळ डोक्याने व्यापलेला असतो. या डोक्यातील तैलयुक्त अवयवाच्या साहाय्याने तो प्रखर ध्वनी सोडतो आणि भक्ष्यावर आदळून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याचा ठाव घेतो. त्याच्या स्नायूंत प्राणवायूचा मोठा साठा असल्यामुळे तो जवळजवळ तासभर पाण्याखाली राहू शकतो.

या भक्षकापुढे महामाकुलाजवळ कोणते साधन आहे? त्याचा डोळा! त्याचा व्यास २७ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे फुटबॉलपेक्षाही अधिक असतो. मोठ्या डोळ्यांच्या तलवार माशाचा डोळा मात्र सुमारे ९ सेंटीमीटरच भरतो. २०१२ साली डॅन-एरिक निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची उपपत्ती मांडली. देवमासा पोहू लागला की पाण्यातील सूक्ष्म प्रकाशमान जीव डिवचले जाऊन चमकतात. ती अंधुक प्रभा हा डोळा १२० मीटरांहून अधिक अंतरावरून टिपू शकतो, आणि माकुलाला निसटण्यास अवधी मिळतो. भक्षकाने कान तीक्ष्ण केले, तर भक्ष्याने डोळे विशाल केले.

परंतु या चढाओढीत माणूस हा तिसरा भक्षक उतरला. खोल बुडी मारणाऱ्या देवमाशाला श्वासासाठी पृष्ठभागावर येऊन विसावावेच लागते. नेमके तेथेच शिकाऱ्यांनी त्याला गाठले आणि डोक्यातील तेलासाठी त्याचा संहार केला. अखेर १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय स्थगिती लागू झाली.

ही कथा आपल्या किनाऱ्यापासून दूरची नाही. माकुलाची चोच शिंगासारखी कठीण असल्याने पचत नाही. अशा चोचींभोवती देवमाशाच्या आतड्यात अंबर तयार होते. लोक त्याला ‘उलटी’ म्हणतात आणि सुगंधी द्रव्यांसाठी त्याची चोरटी विक्री होते. स्पर्म देवमासा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने अंबर बाळगणे वा विकणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. किनाऱ्यावर असा पदार्थ आढळल्यास वन विभागास कळवावे.

निसर्गाने या दोघांना परस्परांपासून बचावाची साधने दिली. माणसाच्या लोभाविरुद्ध मात्र एकही दिले नाही. ते संरक्षण आपल्या कायद्यानेच आणि विवेकानेच त्यांना द्यावयाचे आहे.