चाकांवरचें बिऱ्हाड आणि रात्रीचा पडाव

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा थट्टेनें वापरतों. परंतु अलीकडे सुखवस्तु माणसेंही हौसेनें आपलें बिऱ्हाड चाकांवर चढवूं लागलीं आहेत. मोठ्या मोटारींतच निजण्याची फळी, लहानशी शेगडी व पाण्याची टांकी बसवून कुटुंबेंच्या कुटुंबें देश पाहावयास निघतात. अशा गाडीस कॅरॅव्हॅन म्हणतात. गाडी मिळाली म्हणजे सारें झालें असें पुष्कळांस वाटतें; परंतु खरा प्रश्न दिवस मावळल्यावर उभा राहतो. ही गाडी रात्रीं कोठें सोडावी, आणि त्याबद्दल किती पैसे मोजावे? नंदुरबार जिल्ह्यांतील म्हसावद हें गांव डोळ्यांपुढें ठेवून आज या प्रश्नाचा विचार करूं.

म्हसावदच कां, तर शहाद्याहून तोरणमाळास जाणारा रस्ता म्हसावद आणि राणीपूर यांवरूनच सातपुड्यांत शिरतो. तोरणमाळचें थंड पठार, तेथील यशवंत तलाव आणि सीताखाई पाहण्यास येणारा प्रवासी डोंगर चढण्यापूर्वी या मोठ्या गांवीं थांबतो. महाशिवरात्रीस गोरखनाथाच्या यात्रेचे लोकही याच वाटेनें जातात.

वाटसरूच्या मुक्कामाची चिंता आपल्या देशास नवी नाहीं. सोळाव्या शतकांत शेरशहानें दर दोन कोसांवर सराई बांधविल्याचें इतिहासकार लिहितात. अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांनीं तीर्थोतीर्थीं घाट व धर्मशाळा उभारल्या. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग तर आपल्या नंदुरबारावरूनच जाई. १६३० सालीं पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी भर दुष्काळांत या मार्गानें गेला. लमाणांचे तांडे हजारों बैलांवर धान्य लादून याच मुलखांतून फिरत, आणि जेथें चारा व पाणी तेथें त्यांचा तळ पडे. मौजेखातर असा संसार गाडींत घालण्याची चाल मात्र पाश्चात्त्यांची. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं घोड्यांच्या अशा गाडींतून इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास केला, आणि १९०७ सालीं तिकडे अशा प्रवाशांचा क्लबही निघाला. अमेरिकेंत सरकारी मालकीच्या बऱ्याचशा मोकळ्या जमिनींवर सामान्यतः चौदा दिवसांपर्यंत फुकट तळ देतां येतो. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें व त्यांत अशा गाड्यांसाठीं पाणी, वीज आदि सोयींनीं युक्त वाहनतळांची कल्पना मांडली.

आतां स्वस्ताईचें गमक काय तें पाहूं. खाणावळवाला व लॉजवाला आपल्याकडून मुख्यतः खोलीचे आणि खाटेचे पैसे घेतो. तुमची खाट तर तुम्हीं बरोबर आणलेली आहे. मग तुम्हांस उणें काय? सपाट व कोरडी जमीन, स्वच्छ पाणी, शौचकूप आणि रात्रींची राखण, या चारच गोष्टी. जो या चारांपुरतेंच मागतो त्यास मुक्काम स्वस्त पडतो. जो विजेची तार, गरम पाणी व तयार जेवणही मागतो त्यास लॉजचाच दर द्यावा लागला तर नवल नाहीं.

या चार गोष्टी खेड्यांत कोठें मिळतात? पहिली जागा देवस्थानाची किंवा धर्मशाळेची. तेथें दर ठरलेला नसला तरी दानपेटी असते, आणि तिचा विसर पडूं देऊं नये. दुसरी शाळेच्या पटांगणाची. परंतु ती सुटीच्या दिवसांतच व मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. तिसरी महामार्गावरील ट्रकवाल्यांच्या ढाब्याची अथवा पेट्रोल पंपाची. तेथें रात्रभर उजेड आणि माणसांची जाग असते, मात्र शांत झोपेची आशा करूं नये. चौथी शेतकऱ्याच्या खळ्याची. पीक निघाल्यावर खळें मोकळें असतें व विहीर जवळ असते. सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण आंखल्यापासून शेतकऱ्यास या कामाची रीतसर नोंदणीही करतां येते. बाजारतळ सोयीचा दिसतो खरा. परंतु आठवड्याचा बाजार कोणत्या वारीं भरतो हें आधीं विचारावें. होळीपूर्वीं भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत तर सातपुड्याच्या पायथ्याशीं बाजाराच्या गांवीं पाय ठेवण्यास जागा नसते. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेव्हां तापीकाठच्या मोकळ्या जागा व्यापाऱ्यांच्या राहुट्यांनीं व्यापलेल्या असतात.

कोठें उतरूं नये हेंही सांगितलें पाहिजे. नदीचें कोरडें पात्र सपाट, मोकळें आणि फुकट असतें, म्हणूनच तें फसवें. सातपुड्यावर पाऊस कोसळला म्हणजे खालीं आकाश निरभ्र असतांही गोमाईसारख्या नद्यांस एकाएकीं लोंढा येतो. तापीवर सारंगखेडें व प्रकाशें येथें बंधारे आहेत. त्यांचे दरवाजे उघडले म्हणजे खालच्या पात्रांतील पाणी चढतें. वनखात्याच्या हद्दींत परवानगीवांचून तळ देऊं नये. तोरणमाळच्या घाटांत वळणें अवघड आहेत. लांबलचक गाडी असेल तर ती पायथ्याच्या गांवींच ठेवून लहान वाहनानें वर जावें. उन्हाळ्यांत या भागांत पारा चाळिसांपलीकडे जातो, तेव्हां पत्र्याच्या गाडीस झाडाची सावली हीच पांचवी गरज समजावी.

येथपर्यंत प्रवाशाच्या हिताचें झालें. परंतु रात्रींच्या जागेस दुसरी बाजूही आहे. खानदेशांत मेंढपाळ शेतकऱ्याच्या रानांत मेंढ्या बसवितात. जमिनीस खत मिळतें, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे मेंढपाळ मुक्कामानंतर जमीन पूर्वीपेक्षां चांगली करून जातो. चाकांवरच्या प्रवाशास खत देतां येणार नाहीं. निदान घाण तरी मागें ठेवूं नये. टांकींतील मैला ओढ्यांत सोडूं नये, गांवच्या हातपंपावर गाडी धुऊं नये, आणि बाजरी, डाळ, भाजी शहरांतून लादून न आणतां गांवांतच विकत घ्यावी. मुक्कामाचे पैसे वांचले, तर त्यांतील कांहीं गांवांत खर्च होणें न्यायाचेंच आहे.

आणि आतां सर्वांत महत्त्वाचें. चाकांवर बिऱ्हाड घेऊन निघणारे लोक आपल्या जिल्ह्यांत पूर्वींपासूनच आहेत. दिवाळीच्या सुमारास भिल्ल, पावरा व इतर गरीब कुटुंबें भांडीं, गोधड्या व लेंकरें ट्रकांत घालून दक्षिण गुजरातेंतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात, माणसाचें नांव जाऊन हत्याराचेंच राहतें. आणि त्यांच्या झोपड्यांच्या वस्तीस म्हणतात ‘पडाव’. हे लोक हौसेनें फिरत नाहींत. तरी त्यांसही रात्रीं त्याच चार गोष्टी लागतात: कोरडी जमीन, पाणी, शौचकूप आणि राखण. पडावांतील बाईस पहांटे अंधारांत आडोसा शोधावा लागतो, तेव्हां शौचकूप ही चैन नव्हे हें कोणासही पटेल.

म्हणून माझें म्हणणें असें, कीं म्हसावदसारख्या गांवीं ग्रामपंचायतीनें रस्त्याकडेला पडावाची एक जागा आंखावी. मुरूम घालून ती सपाट करावी, दोन नळ, स्त्रीपुरुषांसाठीं वेगळीं शौचकुपें, दोन दिवे, चार कडुनिंब आणि एक राखणदार, एवढी व्यवस्था पुरे. मोटारवाल्या प्रवाशानें रात्रीचा माफक आकार द्यावा व त्यांतून राखणदाराचा पगार निघावा; शिवरात्रीचा पायी यात्रेकरू, मेंढपाळ आणि कोयत्याची जोडी यांस तीच जागा विनामूल्य असावी. दोन वेगळे तळ मात्र करूं नयेत. वेगळे केले, कीं एकास नळ मिळतो आणि दुसऱ्यास हुसकावून लावण्यांत येतें, हा अनुभव जुनाच आहे. एकाच नळावर दोघांनीं पाणी भरलें, तर नळ नादुरुस्त झाल्यावर तक्रार ऐकली जाण्याचा संभव तरी अधिक. शहरच्या प्रवाशाच्या शब्दास कचेरींत वजन असतें. त्या वजनाचा उपयोग कष्टकऱ्यासही व्हावा.

श्रोतेहो, स्वस्त मुक्काम शोधणाऱ्यानें गांवांत शिरतांच ‘येथें फुकट जागा कोठें आहे?’ असें विचारूं नये. ‘येथें वाटसरू कोठें उतरतात?’ असें विचारावें. या प्रश्नास बहुतेक गांवांत उत्तर मिळतें. ज्या गांवांत मिळत नाहीं, तेथें तें निर्माण करणें हें गांवकऱ्यांचें काम आहे, आणि त्यास लागणारा खर्च एखाद्या कमानीच्या खर्चाहून फारसा अधिक नाहीं.