मनगटावरचा आकडा



भट्टीच्या कारखान्यात पाळी करता?
हातात स्मार्टवॉच आहे?
मग जरा ऐका.

हे घड्याळ पाय बघत नाही.
ते मनगटाचे हलणे मोजते.
दोन्ही हातांनी ढकलगाडी ढकलली,
की बरीच पावले गळतात.

नाडी ते हिरव्या प्रकाशाने टिपते.
पट्टा सैल असला,
की तिथेही गोंधळ.
तरी नाडी बऱ्यापैकी जमते.

कॅलरी मात्र निव्वळ अंदाज!

2017 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने
अशी सात उपकरणे तपासली.
सहांनी नाडी ठीक सांगितली.
कॅलरी?
एकालाही जमली नाही.

पुन्हा सांगते,
कॅलरी हा अंदाज.
त्या भरवशावर जास्तीची जिलेबी नको.

आणि भट्टीजवळ चक्कर आली,
तर आकडा बघत थांबू नका.
सोबत्याला हाक मारा,
गारव्याला या,
पाणी प्या.