परदेशी विक्रेता, आभासी चलन आणि आपली सावधगिरी

(लघुउद्योजकांच्या एका मेळाव्यात निवृत्त बँक अधिकाऱ्याने केलेले भाषण)



बँकेच्या विदेशी विनिमय विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. आयातीची बिले तपासता तपासता जे उमगले, ते एका ताज्या प्रसंगाच्या आधारे आपणापुढे ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

काही दिवसांपूर्वी इचलकरंजीचे एक तरुण यंत्रमागधारक माझ्याकडे आले. मागावर बसवावयाच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डचे सुटे भाग त्यांना चीनमधील एका विक्रेत्याकडून घ्यावयाचे होते. नमुन्यादाखल ३०० डॉलरचा एक भाग त्यांनी आधीच मागविला होता आणि विक्रेत्याच्या सूचनेवरून त्याची किंमत आभासी चलनात, म्हणजे क्रिप्टोकरन्सीत, चुकती केली होती. आयुष्यातील त्यांचा हा अशा प्रकारचा पहिलाच व्यवहार. भाग वेळेवर आला आणि उत्तम चाललाही. आता विक्रेता ८,००० डॉलरचा माल देऊ करीत होता. रक्कम त्याच रीतीने आगाऊ पाठविल्यास पाच टक्के सूट मिळणार होती. तरुणाचा प्रश्न सरळ होता : "साहेब, बँकेत चार दिवस जातात, इथे काही मिनिटांत पैसे पोहोचतात. कमिशनही वाचते. मग हरकत कोणती?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. उधार-उसनवारी करून भांडवल उभे करणाऱ्या माणसाला चार दिवस आणि पाच टक्के यांची किंमत काय असते, हे आपण जाणता. म्हणूनच त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

पेढी मधून गेली तेव्हा

दूरच्या माणसाला पैसे कसे पोहोचवावेत, ही व्यापाराची फार जुनी अडचण. आपल्याकडे ती हुंडीने सोडविली. एका गावच्या पेढीवर रोकड भरावी आणि शेकडो कोसांवरच्या पेढीवर हुंडी वटवून घ्यावी, अशी ती रीत होती. हुंडीचा कागद चाले तो पेढीच्या लौकिकावर. आजची बँक हे त्याच पेढीचे विस्तारलेले रूप होय.

ही पेढीच मधून काढून टाकावी, अशी कल्पना सातोशी नाकामोतो या नावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधात मांडण्यात आली. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे जाळे सुरू झाले. एकच खातेवही असंख्य संगणकांवर ठेवावयाची, नोंदींचे गठ्ठे साखळीप्रमाणे एकमेकांत गुंफावयाचे, म्हणजे मागची नोंद कोणालाही गुपचूप बदलता येत नाही, असे तिचे स्वरूप आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लास्लो हान्येच या संगणकतज्ज्ञाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळविले. या चलनाने झालेली ही पहिली प्रसिद्ध खरेदी. मात्र ते बिटकॉइन घेतले एका त्रयस्थ तरुणाने. पिझ्झाच्या दुकानाला त्याने नेहमीच्याच चलनात पैसे दिले. मधला माणूस त्या दिवशीही लागलाच.

पैसे कसे जातात?

इचलकरंजीच्या तरुणाने काय केले ते पाहू. आभासी चलनाच्या एका बाजारपेठेत पॅन व ओळखीचे पुरावे देऊन त्यांनी खाते उघडले. रुपये भरून 'टेथर' नावाचे, डॉलरच्या मोलाशी बांधलेले नाणे घेतले. विक्रेत्याने आपला 'पत्ता' पाठविला. हा पत्ता म्हणजे अक्षरे व आकडे यांची एक लांबलचक माळ असते. तिच्यात ना नाव, ना गाव. शिवाय टेथर अनेक जाळ्यांवर चालते. ट्रॉन जाळ्यावरील पत्ता वेगळा आणि इथेरियमवरील वेगळा. विक्रेत्याने सांगितलेले जाळे सोडून भलतेच निवडले, तर रक्कम हाती लागणे दुरापास्त होते.

पत्ता उतरवून घेताना आणखी एक धोका असतो. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे तीच ठेवून केलेले फसवे पत्ते आपल्या जुन्या नोंदींत पेरणारे भामटे आहेत. संगणकात शिरून, नकललेला पत्ता चिकटवतेवेळी बदलणाऱ्या घातक आज्ञावलीही आहेत. एकदा 'पाठवा' अशी आज्ञा दिली आणि खातेवहीत नोंद पक्की झाली, की पाठविणाऱ्याच्या विनंतीवरून ती फिरविता येत नाही. धनादेश थांबविण्याची सोय येथे नाही.

यासाठी प्रथम अगदी थोडी रक्कम पाठवून पोहोच घ्यावी, असा सल्ला जाणकार देतात. ज्या देशांत अशी देणी कायदेशीर आहेत, तेथे राहणाऱ्या आपल्या बांधवांनी तो अवश्य पाळावा. पण त्याने खात्री पटते ती पत्त्याची, विक्रेत्याची नव्हे. ३०० डॉलरचा माल देणारा माणूस ८,००० डॉलरचा देईलच, हे त्या नोंदीवरून कसे कळणार?

बँक काय करते?

मी त्या तरुणाला म्हटले, "तुमचे चार दिवस कशात जातात, ते आधी पाहा." पतपत्राच्या पद्धतीत खरेदीदाराची बँक विक्रेत्याला वचन देते, की ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत सादर केल्यास पैसे मिळतील. बीजक, जहाजावर माल चढविल्याची पावती, विम्याचा कागद, मालाच्या मूळ देशाचा दाखला ही ती कागदपत्रे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम असून त्यांची आजची आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. माल रवाना होण्यापूर्वी पैसे जात नाहीत, ही खरेदीदाराची सोय. माल पाठविल्यावर पैसे बुडत नाहीत, ही विक्रेत्याची.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बँक कागद तपासते, माल तपासत नाही. पेटीत सुट्या भागांऐवजी भंगार निघाले, तर केवळ पतपत्राने नुकसान टळत नाही. म्हणून रवानगीपूर्वी त्रयस्थ संस्थेकडून मालाची तपासणी करून घ्यावी आणि तिचा दाखला पतपत्राच्या अटींतच घालावा. याला खर्च येतो. पण तो कशासाठी येतो, हे आपल्याला ठाऊक असते.

कायदा काय सांगतो?

भारतात आभासी चलन हे विधिग्राह्य चलन नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द केला. त्यामुळे ही नाणी बाळगणे वा विकणे हा गुन्हा नाही. परंतु तेवढ्यावरून त्यांनी आयातीचे देणे भागविता येते, असे मानणे चुकीचे आहे. विदेशी विनिमय व्यवस्थापन अधिनियम, १९९९, म्हणजेच फेमा, याखालील नियमांनुसार आयातीची रक्कम प्राधिकृत बँकेमार्फत गेली पाहिजे. सीमाशुल्क खात्याकडील 'बिल ऑफ एंट्री' आणि बँकेने पाठविलेली रक्कम यांचा मेळ घातला जातो. माल आला आणि पैसे बँकेतून गेलेच नाहीत, तर तो मेळ बसणार कसा? उल्लंघन सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

कराचाही विचार करावयास हवा. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यातील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून एक टक्का उद्गम करकपातही लागू झाली. ७ मार्च २०२३ रोजी या बाजारपेठा काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. व्यवहार कोणाच्या नजरेस पडणार नाही, ही समजूतही त्यामुळे सोडून द्यावी.

दुसऱ्या बाजूची स्थिती काय? चीनच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये आभासी चलनाचे सर्व व्यवहार बेकायदेशीर ठरविले आहेत. म्हणजे दाद मागावयाची झाली, तर ती मागण्याची जागा ना येथे, ना तेथे.

मग करावे काय?

आयात-निर्यात संकेतांक घ्यावा. विक्रेत्याकडून संस्थेच्या नावाचे कच्चे बीजक आणि त्याच नावाचे बँक खाते मागावे. खाते भलत्याच नावाचे किंवा भलत्याच देशातील असल्यास तेथेच थांबावे. रक्कम मोठी असेल तर पतपत्र, बेताची असेल तर काही भाग बँकेमार्फत आगाऊ आणि उरलेला कागदपत्रे आल्यावर, असा ठराव करावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

झालेल्या पहिल्या व्यवहाराबद्दल मी त्या तरुणाला सांगितले, की रक्कम लहान असली तरी ती झाकून ठेवू नका. सनदी लेखापालाला आणि बँकेला सर्व सांगा. आपण होऊन पुढे येणाऱ्यासाठी फेमा कायद्यात तडजोडीची वाट आहे.

त्यांनी विक्रेत्याला बँक खात्याचा तपशील विचारला. उत्तर आले नाही. पुढे त्यांनी दुसऱ्या विक्रेत्याकडून, थोड्या चढ्या दराने, बँकेमार्फत माल घेतला. पहिला विक्रेता लबाड होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. तो प्रामाणिकही असेल. पण तो तसा नसता, तर आपल्या हाती काय उरले असते, हे पैसे पाठविण्यापूर्वी विचारावयाचे असते.

नवे तंत्र आपण जरूर शिकावे, समजून घ्यावे. उद्या कायदा बदलला, तर ते वापरावेही. परंतु मधली पेढी निघून जाते, तेव्हा तिची राखण करण्याची जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर येते. तेवढी तयारी झाली आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे, आणि मगच घामाचा पैसा उंबऱ्याबाहेर काढावा, एवढीच माझी विनंती आहे.