पंधरा मिनिटं माझी

(भाटघर परिसरातल्या महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

'घरच्या घरी व्यायाम' असा विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा मागून आवाज आला, "आता येयाम बी आमीच करायचा का?" आपण सगळ्या हसलो. पण प्रश्न खरा आहे. धरणाच्या काठची बाई आवणीला दिवसभर चिखलात वाकते, हंडा आणि मोळी वाहते. तिला आणखी व्यायाम कशाला?

कारण कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. कामात कंबर पुढेच वाकते, मागे कधी जात नाही. थकलो म्हणून थांबता येत नाही. काम संपलं की थांबायचं. व्यायामात कुठला अवयव हलवायचा, किती आणि कधी थांबायचं, हे आपण ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलं, की आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम हवेत आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. पहिल्यात शेतातलं, घरातलं कामही धरतात. आपलं कमी पडतं ते दुसरं.

मी स्वतः तीनदा व्यायाम सुरू केला आणि तीनदा सोडला. एसटीचा प्रवास, तासन्‌तास बैठका, यांनी तिशीतच कंबर धरली होती. दर वेळी पहिल्याच दिवशी तासभर करायचे, चौथ्या दिवशी अंग ठणकायचं. मग दहाच मिनिटं ठरवली. ती टिकली, म्हणून पुढे पंधरा झाली.

साधन काही नको. भिंतीला तळवे टेकून दहा जोर. बाकावरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला धरून दहा वेळा टाचा उचला. कमरेवर हात ठेवून पाच वेळा हळूच मागे झुका. उताणं झोपून, गुडघे दुमडून, दहा वेळा कंबर वर उचला. श्वास कोंडू नका.

शेवटचा व्यायाम कुणाला दिसतही नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते पाच अंक मोजेपर्यंत आवळायचे आणि सोडायचे, असं दहा वेळा. बाळंतपणांनंतर खोकताना लघवी सुटते, हे आपण लाजेने सांगत नाही. या व्यायामाने पुष्कळजणींना फरक पडतो. अंग बाहेर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. चालताना धाप लागते, चक्कर येते, त्यांनी आधी रक्त तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. उपाशी पोटाला व्यायाम हे उत्तर नव्हे.

आता टिकवायचं कसं? 'वेळ मिळेल तेव्हा' म्हटलं, की तो मिळत नाही. रोजच्या एखाद्या कामाला व्यायाम बांधून टाका. पाणी भरून झालं, की लगेच. कॅलेंडरवर खूण करा. एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन चुकवायचे नाहीत. आवणीच्या दिवसांत फक्त मागे झुकणं आणि कंबर उचलणं करा, पण सवय मोडू नका.

खरी अडचण मात्र वेगळीच असते. एक ताई आठ दिवस करून थांबली. "सासूबाई म्हनल्या, हे काय नाटक? दीर हसले." तिला आळस नव्हता, तिला एकटं पाडलं होतं. मग शेजारणीला घेऊन तिने मागच्या पडवीत पुन्हा सुरू केलं. महिन्याभराने सासूबाईच विचारू लागल्या, "माझ्या गुडघ्याला कोनतं चालंल?"

पंधरा मिनिटं बाई स्वतःसाठी काढते, तेव्हा चहा कोण करणार, हा प्रश्न घरात उभा राहतोच. राहू द्या. नवऱ्याला, मुलग्याला आधण ठेवता येतं. आपलं शरीर फक्त राबायला नाही, हे त्यांना कळायला हवं. त्याआधी आपल्याला पटायला हवं.

बसून फार ऐकलंत. चला, पदर खोचा आणि भिंतीशी उभ्या राहा. पहिले दहा जोर आत्ताच काढू.